भोंग्याचा सा

आमच्या घरी भात भोंग्यावर लागायचा. बाराचा भोंगा झाला की आई कुकर चढवायची आणि बाबा सायकलवरून जेवायला घरी पोहोचेपर्यंत तिसरी शिट्टी झालेली असायची. भिंतीवर घड्याळ होतं, पण तेही भोंग्यावरूनच लावलेलं, म्हणजे त्याचा मान दुसरा. भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत सगळ्यांचं असंच होतं. शाळेची घंटा, दुधाची गाडी, नळाचं पाणी, नळावरची भांडणं, सगळं भोंग्याच्या आगेमागे. घरात आम्ही त्याला भोंगा म्हणायचो आणि फाटकाबाहेर पडलो की तोच हूटर व्हायचा. मराठी घरांतली आम्ही सगळीच मुलं फाटकापाशी अशी भाषा बदलायचो.

तेव्हा पुढे आम्ही बँड काढला आणि गिटार भोंग्यावर जुळवू लागलो, यात आम्हाला कुणालाच काही वावगं वाटलं नाही. पुण्यात ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. हसावं. मीही हसतो, फक्त शेवटपर्यंत नाही.

सुरुवातीला बँड म्हणजे तिघंच. मी, ड्रमवाला आणि तो. ड्रमवाला कानपूरकडच्या एका फोरमनचा मुलगा. वर्गात बाक बडवल्याबद्दल त्याने जितका मार खाल्ला तितका आम्ही अभ्यास न केल्याबद्दलही खाल्ला नसेल. आणि तो म्हणजे आमचा गाणारा. त्याचे वडील नागपूरकडचे, कारखान्यात टर्नर. आमचं क्वार्टर आणि त्यांचं क्वार्टर पाठीला पाठ लावून होतं, दोन स्वयंपाकघरांत भिंत एकच. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागायचा. आई कुरकुरायची आणि संध्याकाळी त्याच घरून वाटीभर रस्सा मागवायची.

तो लहानपणापासून गायचा आणि लहानपणापासून त्याला एक खोड होती. मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर मुलांची गाणी व्हायची. पेटीवर बसणारे काका पोस्टात होते, चिडके आणि कानाने तिखट. प्रत्येक मुलाला ते त्याच्या गळ्याप्रमाणे पट्टी देत. याचं गाणं आलं की त्यांचा हात पेटीवर घुटमळायचा. काळी चार दिली तर हा जरा वर, पांढरी सहा दिली तर जरा खाली. शेवटी एकदा ते वैतागून म्हणाले की हा मुलगा पट्ट्यांच्या फटीत गातो. सगळे हसले, तोही हसला. त्याच्या गळ्यात कुठला सूर बसलाय हे तेव्हा कुणाला कळलं नव्हतं. दिवसातून पाच-सहा वेळा आकाशभर वाजणारा सूर सोडून दुसरा कुठला बसणार होता?

गिटार आली ती बदली होऊन जाणाऱ्या एका केरळी इंजिनियरकडून. तिच्याबरोबर एक पातळ पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की आधी पाचवी तार अमुक सुरावर जुळवावी आणि मग बाकीच्या तिच्यावरून. तो अमुक सूर आणायचा कुठून, हे काही त्यात नव्हतं. पेटीवाल्या काकांकडे जायची माझी छाती नव्हती. मी आठ दिवस तारा पिळत बसलो होतो. आठव्या दिवशी मागच्या भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "अबे, हूटरवर मिळव ना." इतकं सोपं होतं ते.

भोंगा खालून चढत यायचा, एका जागी पोहोचला की तिथे थांबायचा आणि मग ढासळायचा. ते थांबणं आम्ही मोजलं होतं, बरोबर पंधरा. त्या पंधरा आकड्यांत मी पाचव्या तारेची खुंटी पिळायचो. साडेचारचा भोंगा म्हणजे जनरल शिफ्ट सुटायची वेळ. तेव्हा आम्ही मंडळाच्या मागच्या खोलीत हजर असायचो. गणपतीचं मखर, नाटकाचा राजवाड्याचा पडदा, तुटक्या खुर्च्या आणि आम्ही. भोंगा हुकला तर आमचा गाणाराच सूर द्यायचा. एखाद्या दिवशी मी त्याच्या आवाजावर तार लावायचो आणि नंतर सहाच्या भोंग्यावर ताडून बघायचो. केसभर फरक पडला नाही कधी.

बाबांना याची गंमत वाटायची. ते गेज रूममध्ये इन्स्पेक्टर होते. कारखान्यातली सगळी मापं ज्या मापांवर तपासतात ती मापं त्यांच्या ताब्यात असत, थंड खोलीत, मखमलीच्या पेटीत. जगात जे काही मोजलं जातं ते कशावरून तरी मोजावं लागतं, हे त्यांचं जेवतानाचं आवडतं वाक्य होतं. तुमचं मास्टर गेज जरा मोठंच आहे, वर्कशॉपच्या छपरावर मावतं, एवढंच ते म्हणाले.

आमचा आवाज कसा होता हे सांगायचं तर आधी सामान सांगावं लागेल. मोठा ड्रम म्हणजे मंडळाचा जुना ढोल, आडवा केलेला. त्याला लाथ मारायला ड्रमवाल्याने सायकलच्या ब्रेकपासून पेडल बनवलं होतं. गिटारला मी स्वस्तातला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चपटा माइक, चिकटवला आणि तो मंडळाच्या लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरला जोडला. त्याला स्पीकर नव्हता, कर्णा होता, जो एरवी कडुनिंबावर टांगून त्यावरून आरत्या व्हायच्या. त्या कर्ण्यातून गिटार जी बाहेर यायची ती चिरकी, फाटकी, पत्र्याची. कॅसेटवरच्या गिटारींसारखी ती मुळीच नव्हती आणि तेव्हा त्याचं आम्हाला फार दुःख होतं. परदेशी बँडच्या कॅसेट आम्ही न्यू मार्केटातून भरून आणायचो, कॉपीची कॉपी. शब्द कळायचे नाहीत. तो शब्दांच्या जागी आवाज गायचा. ढोलावर आम्ही ऑइलपेंटने बँडचं इंग्रजी नाव लिहिलं, महिन्याने ते पुसून दुसरं लिहिलं, मग तिसरं. ती नावं आज सांगायची मला लाज वाटते.

दोन वर्षं आम्ही अशी नक्कल केली. मग एका संध्याकाळी उशीर झाला आणि गाणं चालू असतानाच सहाचा भोंगा सुरू झाला. एरवी आम्ही थांबायचो. त्या दिवशी मी आणि ड्रमवाला थांबलो, तो थांबला नाही. तो एका लांब सुरावर होता आणि खालून चढत आलेला भोंगा येऊन त्याच सुराला मिळाला. दोघांत फटच राहिली नाही. पंधरा आकडे झाले, भोंगा ढासळला, खोलीत तो एकटा उरला. त्याचा दम संपता संपता ड्रमवाल्याने ढोलाला एक लाथ घातली आणि मी कर्ण्यातून तार ओढली. अंगावर काटा आला माझ्या. आजही येतो.

ते आमचं पहिलं स्वतःचं गाणं. हिंदीत चार ओळी त्यानेच जुळवल्या, शिफ्टवरून परतणाऱ्या माणसाच्या. मधे सगळी वाद्यं बंद व्हायची, तो एकटा भोंगा व्हायचा आणि मग आम्ही तुटून पडायचो. ज्या पत्र्याच्या आवाजाची लाज वाटत होती तो या गाण्यात असा बसला की जणू कर्णा त्यासाठीच टांगला होता. नकला आपोआप सुटल्या.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखाना बायकापोरांना बघायला उघडा असायचा आणि दुपारी मैदानावर कार्यक्रम. काम बंद असलं तरी आमच्याकडे त्या दिवशी भोंगे चुकत नसत. आम्ही मुद्दाम शेवटचा नंबर मागून घेतला. ड्रमवाल्याच्या मनगटावर त्याच्या वडिलांचं घड्याळ होतं, त्यावर नजर ठेवून त्याने ठेका धरला. वाद्यं थांबली. तो एकटा सुरावर उभा राहिला, डोळे मिटून. मी मनात एक, दोन, तीन मोजलं. चौथ्या आकड्याला साडेचारचा भोंगा उठला.

हजारो वेळा ऐकलेला भोंगा, पण मैदानावरची सगळी डोकी वर्कशॉपच्या छपराकडे वळली आणि मग परत त्याच्याकडे. बाबा दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मी आणि ड्रमवाला तुटून पडलो तेव्हा कामगारांनी टोप्या उडवल्या. त्या दिवसापासून सगळी वसाहत आम्हाला "हूटर वाले लड़के" म्हणायला लागली. ढोलावरचं तिसरं नावही आम्ही रॉकेलने पुसून टाकलं. नवं लिहिलं नाही, गरजच उरली नव्हती.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला मोठं व्हायचं होतं.

कॉलेजात माझी ओळख चार इमली या साहेबलोकांच्या वस्तीतल्या एका मुलाशी झाली. वडील मोठे अधिकारी, बंगला, आणि मामाने परदेशातून आणलेला जपानी कीबोर्ड. मुलगा चांगला होता, हे आधीच सांगतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याचा काही दोष नाही. तो कीबोर्ड घेऊन आमच्या खोलीत आला, मखरासमोर दोन खुर्च्यांवर तो आडवा ठेवला आणि एका बटणावर बासरी, दुसऱ्यावर व्हायोलिन, तिसऱ्यावर कोण जाणे काय काय वाजवून दाखवलं. मी भुललो. स्पष्टच सांगायचं तर लाळ गळाली माझी. महिनाभरात बँडमध्ये कीबोर्ड पुढे आणि आम्ही मागे. कानामागून आली आणि तिखट झाली.

कीबोर्ड एक गोष्ट करत नव्हता, तो जागचा हलत नव्हता. त्याची पांढरी सहा म्हणजे पांढरी सहा. आमची गिटार तिच्याखाली होती, अर्ध्या सुराहूनही कमी, पण दातात अडकलेल्या कणासारखी जाणवणारी. गिटारच्या खुंट्या पिळता येतात, म्हणून मी त्या पिळल्या. साडेचारचा भोंगा होत राहिला, आम्ही तारा कीबोर्डवर लावू लागलो. आमचा गाणारा फक्त एवढंच म्हणाला की सगळं जरा ताणल्यासारखं वाटतं.

पुढे शहरात कॉलेजांची मोठी स्पर्धा जाहीर झाली. आम्ही आमचं तेच गाणं घेतलं. कीबोर्ड चालू असेपर्यंत तो नीट गायचा. वाद्यं थांबली, तो एकटा उरला की त्याचा सूर हळूच आपल्या घरी जायचा. मग कीबोर्ड परत शिरला की दोघांत फट. कीबोर्डवाला अदबीने म्हणायचा, "थोड़ा नीचे लग रहा है यार." आम्ही दोन आठवडे तेच करत राहिलो. तीस वेळा, चाळीस वेळा. तो घाम पुसायचा आणि परत उभा राहायचा. एकदा त्याने विचारलं की हे मशीन जरा खाली नाही का आणता येत. कीबोर्डवाल्याने खांदे उडवले. माहितीपुस्तक परदेशातच राहिलं होतं. मी म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं.

त्या रात्री जेवताना मी बाबांपुढे रडगाणं गायलो. ते म्हणाले, "घडवलेला जॉब गेजमध्ये बसत नसेल तर आधी गेज तपासायचं, मग जॉबला नावं ठेवायची." मी सांगितलं की गेज जपानी आहे. जपानी म्हटल्यावर बाबांनीही विषय सोडला. जपानी मापांवर त्यांची फार श्रद्धा होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तीच फट पडली आणि माझा तोल गेला. मी गिटार खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "बेसूर आहेस तू. तुझे कानच बिघडलेत." लहानपणापासून एका भिंतीपलीकडे राहिलेल्या माणसाला मी हे म्हणालो, आणि ते नुसतं रागाच्या भरात सुटलं नव्हतं. मला ते खरंच वाटत होतं.

त्याने माझ्याकडे बघितलं. "मी नाही उतरलो बे," तो म्हणाला, "तुम्ही चढले." माइक त्याने मखराच्या पायरीवर ठेवला, कुणाचा पाय अडकू नये म्हणून तारही नीट गुंडाळली आणि गेला.

स्पर्धेत कीबोर्डवाला गायला. मधला एकटा सूर आम्ही काढून टाकला, तिथे व्हायोलिनचं बटण दाबलं. उत्तेजनार्थ मिळालं. मग लग्नाच्या ऑर्डरी मिळायला लागल्या. अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटजवळच्या मैदानावर, कुठे कुठे. लोक सांगतील ते वाजवायचं. आमचं गाणं कुणी सांगितलं नाही. मग एके दिवशी कळलं की कीबोर्डमध्ये ठेकेही आहेत, एक बटण दाबलं की सुरू. ड्रमवाला ते ऐकून हसला. म्हणाला, "मशीन छुट्टी भी नहीं माँगती." पुढच्या कार्यक्रमाला तो आला नाही. ढोल परत उभा करून मंडळाला दिला. वर्षभरात मला पुण्याला नोकरी मिळाली आणि जे उरलं होतं तेही संपलं. बँड मोडला असं म्हणतात लोक. आमचा मोडला नाही. तो एकेक भाग बदलत गेला आणि एक दिवस बघितलं तर त्यात आमचं काहीच नव्हतं.

तो कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला होता. आमचं बोलणं कधी तुटलं नाही, हे जास्त वाईट होतं. मी सुट्टीत आलो की तो यायचा, आईच्या हातचं खायचा, लग्न, मुलं, बोनस सगळं बोलायचा. गाण्याचा विषय काढायचा नाही आणि मीही काढायचो नाही. पेटीवाल्या काकांनी गणपतीत त्याला एकदा आग्रह केला म्हणे. त्याने हात जोडले. पुढे बाबा निवृत्त झाले, घर पुण्याला आलं आणि भोपाळला जायचं कारण राहिलं नाही.

पुण्यात पहिली कित्येक वर्षं मला बारा वाजलेले कळायचे नाहीत. आईचा भात कधी कच्चा, कधी लगदा. ती म्हणायची की इथल्या कुकरला वळण नाही. मला कुणी विचारलं असतं की तुला कशाची आठवण येते, तर मी तलाव सांगितला असता, पोहे-जिलबी सांगितली असती. ज्याची खरी येत होती ते सांगण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी साडेचारला ऑफिसात माझा डावा हात आपोआप खुंटी पिळल्यासारखा वळायचा. कॅसेट होती एक, मैदानावरच्या त्या दिवसाची. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाला होता, त्यामुळे ती दर वेळी वेगळ्या सुरात वाजायची, एकदा काळी चार, एकदा तिच्याही खाली. खरा सूर कुठला होता, तिच्यावरून कळायला मार्ग नव्हता.

मग मुलगी पाचवीत असताना तिला कीबोर्ड घ्यायला मी लक्ष्मी रोडजवळच्या एका दुकानात गेलो. एक बाई सतार घेऊन आल्या होत्या, त्यांना सोबत करून बघायची होती. दुकानदाराने कीबोर्ड पुढे ओढला, पाठीमागे हात घातला आणि काहीतरी फिरवलं. कीबोर्डचा सूर सरकत खाली आला आणि सतारीच्या मांडीवर जाऊन बसला. मी विचारलं, हे काय केलं. तो म्हणाला, पिच जुळवलं, सगळ्यांना असतं, जुन्यांनाही होतं. त्याने मला दाखवलं. तारांची भोकं असतात तिथे, मागच्या बाजूला, हरभऱ्याएवढी कळ.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चाळीस वेळा मी त्याला उभं केलं होतं आणि कीबोर्ड उलटा करून एकदाही बघितला नव्हता. अंगण खरंच वाकडं होतं. मी तसाच घरी आलो, कीबोर्ड न घेता, आणि मुलगी रुसून बसली.

लगेच गाडी पकडून भोपाळला गेलो, असं लिहायला मला आवडलं असतं. गेलो तो आठ वर्षांनी. मधे बाबांचं आजारपण होतं, नोकरी होती, ही कारणं खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. फोन करता आला असता. दोनदा लावलाही, त्याचा आवाज आला आणि मी दिवाळीच्या शुभेच्छा देऊन ठेवला. मला लाज वाटत होती, एवढंच. त्यात मी आठ वर्षं काढली.

शेवटी गिटार घेऊन गेलो. त्याने क्वार्टर सोडून इंद्रपुरीत घर बांधलं होतं, कारखान्याच्या भिंतीपासून जवळच. दार वहिनींनी उघडलं आणि पहिलंच वाक्य सांगितलं की जरा मोठ्याने बोला, यांना आता कमी ऐकू येतं. तो व्हरांड्यात बसला होता. केस पांढरे, बाकी तोच. माझ्या टकलावर हात फिरवून त्याने पोटभर हसून घेतलं.

वहिनींनी पोहे आणले. आम्ही खात होतो आणि साडेचारचा भोंगा झाला. आता विजेवरचा आहे, तो कुठे थांबत नाही, नुसता वरखाली हेलकावे खातो. त्यावर काही जुळवता येणार नाही. पण मी सवयीने मान वर केली. तो पोह्यातले शेंगदाणे वेचत राहिला. मी बशी खाली ठेवली.

वहिनी सांगत होत्या. याची मोठ्या प्रेसवर ड्यूटी, कानाला लावायला जाड बोंडं मिळायची, साहेब ओरडायचे लावा म्हणून. हा भोंग्याच्या वेळेला ती काढून ठेवायचा. कशाला, तर नीट ऐकू यावा म्हणून. आणि काढली की परत लावायचं लक्षात राहायचं नाही. कानातलं मशीन घेतलंय, ते कपाटात पडून आहे. त्यातून सगळ्यांचे आवाज कीबोर्डसारखे येतात म्हणतो. हे सांगताना वहिनी हसल्या. मी कानांबद्दल एकदा काय बोललो होतो ते त्यांना माहीत नसावं.

मी गिटार मांडीवर घेतली. पाचव्या तारेची खुंटी सैल सोडली, मग तारेकडे बोट दाखवलं आणि त्याच्या गळ्याकडे. त्याला लगेच कळलं. मग त्याने खुर्ची जवळ ओढली, तळहात गिटारच्या पोटावर सपाट ठेवला, डोळे मिटले आणि सूर लावला.

आवाज घोगरा झाला होता. कडेला फाटला होता. पण तो चढताना चाचपडला नाही, सरळ जागेवर गेला आणि थांबला. मी खुंटी पिळू लागलो. तार आणि आवाज जवळ आले तशी गिटारच्या लाकडात थरथर सुरू झाली, दोन सूर जवळजवळ सारखे असले की होते तशी. त्याच्या तळहाताला ती लागत होती. मी पिळत गेलो, थरथर संथ होत गेली आणि एका क्षणी नाहीशी झाली. "बसला," तो म्हणाला. मी मनात मोजत होतो. चौदा झाले होते.

हाच भोंग्याचा सूर होता का, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. जुना भोंगा भंगारात गेला, कॅसेट भरवशाची नाही. तो सूर जगात एकाच जागी, त्याच्या गळ्यात, शिल्लक होता आणि आता माझ्या पाचव्या तारेवरही.

मग मी बोललो. दुकान, मागची कळ, सगळं. खाली मान घालून, गिटारकडे बघत. शेवटी म्हणालो की तू बेसूर नव्हतास, चूक माझी होती.

त्याने कानामागे हात धरला. "जरा जोरात बोल ना यार."

समोरच्या गच्चीवर एक बाई वाळलेले कपडे काढत होती. दोन मुलं गल्लीत सायकल चालवत होती. आयुष्यभर पुटपुटतही न आलेलं ते वाक्य मला इंद्रपुरीच्या गल्लीत ओरडून म्हणावं लागलं. "तू बेसूर नव्हतास. माझं चुकलं." बाईने कपडे हातात धरून आमच्याकडे बघितलं. माझे डोळे भरून आले होते.

"ते माहीत होतं बे मला," तो शांतपणे म्हणाला. "तुला कधी कळलं?"

मी आठ बोटं वर केली. मग ओरडून सांगितलं, आठ वर्षं झाली.

तो बोटांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो नुसता हिशेब जुळवत असावा.

"आठ वर्षांपूर्वी," तो म्हणाला, "मला ऐकू येत होतं."

मग त्याने दोन्ही तळहात गिटारवर ठेवले आणि मी वाजवायची वाट बघत बसला.